लीलाबाईंच्या बैलाचे वशिंड

१० जून २०२३, शनिवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. लीलाबाईंच्या स्वयंपाकघरातला गळका नळ मी दुरुस्तीसाठी खोलला आणि त्याच वेळी त्यांच्या चिनी विहीणबाईंनी टेबलावरच्या लोकरीच्या बैलाचे वशिंड उसवायला घेतले.

उसवणे हा खरे तर लीलाबाईंचा प्रांत. मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये आम्ही एकतीस वर्षे समोरासमोर राहिलो. कोणाच्या विणकामात टाका चुकलेला दिसला, की त्या परवानगीची वाट पाहत नसत. एकदा मराठी मंडळाच्या जेवणात त्यांनी माझ्या स्वेटरची बाही अंगावरच कोपरापर्यंत उसवली. मी आक्षेप घेतला. "जोशी, हात हलवू नका. चूक तशीच ठेवून पुढे विणायचं नसतं," एवढेच उत्तर मिळाले. आठवड्याने बाही परत विणून आली. आधीपेक्षा बरी होती.

त्यांची नात २०२१च्या उन्हाळ्यात जन्मली. चिनी गणनेत ते वर्ष बैलाचे. प्रवास बंद असल्यामुळे विहीणबाईंना दोन वर्षे नात प्रत्यक्ष दिसली नव्हती. आदल्या दिवशी त्या आल्या होत्या, सहा महिन्यांसाठी. त्यांना बरे वाटावे म्हणून लीलाबाईंनी नातीसाठी क्रोशाचा बैल विणला होता. "मला चिनी येत नाही, त्यांना मराठी नाही की इंग्लिश नाही," त्या मला म्हणाल्या होत्या. "पहिल्याच दिवशी बिनसलं, तर मधल्यामध्ये सुनेचे हाल." सून आणि मुलगा त्या सकाळी नातीला घेऊन पोहण्याच्या क्लासला गेले होते.

बैल सांगलीकडचा होता. उभी शिंगे, उंच वशिंड. विहीणबाईंच्या गावच्या बैलांना वशिंड नसावे. आतला कापूस एका जागी गोळा झाला आहे, असे त्यांना वाटले. त्यांनी तो दाबून पाहिला, च्च केले आणि धागा ओढला.

"अहो बाई, वशिंड आहे ते!" लीलाबाईंनी फोनला भाषांतर करायला लावले. फोन तीनदा काहीतरी निराळेच बोलला. प्रत्येक वेळी विहीणबाईंनी समजल्यासारखी मान हलवली आणि आणखी एक फेरा उसवला.

मी पाना खाली ठेवला. आता भडका उडणार, अशी माझी खात्री होती. लीलाबाई उठल्या. दिवाणखान्यातून वडिलांचा फोटो घेऊन आल्या. शेजारी बेंदराच्या सणाला सजवलेली बैलजोडी. त्यांनी वशिंडावर बोट ठेवले.

विहीणबाईंनी फोटो पाहिला, मग मांडीवरचा धागा पाहिला. तोंडावर हात ठेवून त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. नंतर त्याच धाग्याला आणखी लोकर जोडून त्यांनी नवे वशिंड विणायला घेतले. लीलाबाई शेजारी बसून टाके मोजत होत्या.

"जोशी, टाका नेटका आहे हो बाईंचा. माझ्यापेक्षा."

लीलाबाई गेल्या हिवाळ्यात वारल्या. असे वाक्य त्यांच्या तोंडून मी एवढे एकदाच ऐकले.

नवे वशिंड दुप्पट झाले आणि बैल नाकावर पडू लागला. मी चाळीस वर्षे मोटारींचा तोल तपासला आहे. थोडे उसवा, असे सुचवले.

"खबरदार जोशी, वशिंडाला हात लावाल तर!" लीलाबाई कडाडल्या. त्याच क्षणी विहीणबाईही काही बोलल्या. शब्द कळले नाहीत, भाषांतराची गरज पडली नाही.

मी नळ बसवला. घरी जाऊन दोन लोखंडी नट आणले, जाड कापडात शिवले, बैलाच्या मागच्या खुरांत घातले आणि शिवण दोनदा ओढून पाहिली.