ओळखीच्या फायली
सोल्डरचा जळका वास आला की मला डोंबिवलीतलं ते डेटा काढून देणारं दुकान आठवतं. माझा लॅपटॉप अचानक मेलेला आणि खाडीत भराव टाकणाऱ्या डंपरचे फोटो त्यातच अडकलेले. दुसऱ्या दिवशी भरावाविरुद्धच्या तक्रारीची सुनावणी होती, फोटो नाहीत तर पुरावा नाही. सोबत कोळीण मावशी होती, जिची मासे धरायची जागाच त्या भरावाखाली गेलेली. टेबलफॅन घरघरत होता, तिच्या पाटीतल्या सुकटीचा वास दुकानभर पसरलेला. दुकानवाली ताई स्क्रीनकडे बघत म्हणाली, "ओळखीच्या फायली बाजूला काढल्या. त्या तपासायच्या नसतात." माझं डोकंच फिरलं. "म्हणजे इथेही वशिला? ओळखीच्यांना सोडायचं आणि झडती फक्त आमची?" मावशी घाबरून पुटपुटली, "आपल्या वलखीचं कोन हाय रं इथं?" ताई हसत सुटली. "अरे भाषणबाज, प्रत्येक फाइलमधून गणिताने एक लांबलचक नंबर निघतो, अंगठ्याच्या ठशासारखा. हॅश म्हणतात त्याला. सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या फायलींचे ठसे एका तयार यादीत असतात. ठसा जुळला की ती सगळ्यांकडे असते तीच फाइल, म्हणून ओळखीची. उरतात त्या तुझ्या." मला अर्धंच कळलं. अख्खी फाइल एका नंबरात मावते कशी, हे तर आजही कळलेलं नाही. पण उरलेल्या फायलींत फोटो निघाले. मावशी स्क्रीनवर बोट आपटत ओरडली, "ह्योच तो डंपर!" परवा माजिवड्याजवळ एका ऑफिसात अर्ज द्यायला गेलेलो, तर साहेबाने विचारलं, "ओळखीचं कोणी आहे का?" मी ठणकावून सांगितलं, "नाही. म्हणूनच नीट तपासा."