पंख्याच्या तीन पात्यांवरची साक्ष

समजा, तुम्ही साखर कारखान्यात पॅनवर उभे आहात. पॅन म्हणजे दोन मजले उंचीचं बंद लोखंडी भांडं. आतली हवा काढून घेतलेली असते आणि उसाचा दाट झालेला रस कमी उष्णतेवर उकळत असतो. तुमच्या हातात एक पितळी सळई आहे. ती पॅनच्या पोटात घालायची, फिरवायची आणि बाहेर ओढायची. तिच्या खाचेत आलेला पाक अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरायचा. चटका बसतो, तो सोसायचा. मग बोटं सावकाश लांब करायची. तार लगेच तुटली तर थांबायचं. पुन्हा सळई, पुन्हा पाक, पुन्हा चटका. तार बोटाच्या पेराएवढी ताणली गेली, की त्याच मिनिटाला आत बारीक साखरेचं बी सोडायचं. आधी सोडलं तर ते विरघळून जातं. उशीर झाला तर नको तेवढे दाणे आपोआप सुटतात आणि सगळा पॅन बिघडतो. समोर मीटर असतात, संगणक असतो, पण जुनी माणसं शेवटी बोटांनाच विचारतात.

आता हेच काम तुम्ही चौदा हंगाम करता आहात, आणि हजेरीपटावर तुमच्या नावापुढे दरवर्षी एकच हुद्दा येतो, हंगामी मदतनीस.

न्हावऱ्याचे जॉन्सन रणपिसे हे करतात. वय सेहेचाळीस. कारखाना दौंडच्या बाजूला आहे, घरापासून मोटरसायकलनं तासाभरावर. गाळप दिवाळीच्या सुमाराला सुरू होतं आणि मार्चमध्ये बंद होतं. पॅनमन म्हणून नेमणूक रोहिदास आप्पांची आहे. त्यांची नजर अधू झाल्यापासून तार जॉन्सनच बघतात. आप्पा ते लपवत नाहीत. नवा केमिस्ट आला की त्याला सांगतात, "सही माझी हाय साहेब, बोटं ह्याची."

अकरा वर्षांपूर्वी एका शुक्रवारी ऑफिसातल्या कारकुनानं जॉन्सनना जिन्यात गाठलं. कायम करायच्या माणसांच्या यादीत रणपिसे हे नाव आहे, सोमवारी यादी लागेल, असं तो म्हणाला. मधे रविवार होता.

न्हावऱ्यात मिशनच्या काळातलं लहानसं पत्र्याचं चर्च आहे. तिथल्या रविवारच्या उपासनेत प्रवचनाआधी साक्षीची वेळ असते. देवानं आपल्यासाठी काय केलं ते ज्यानं त्यानं उभं राहून सांगायचं, मग मंडळीनं गीताचं एक कडवं गायचं. ऐपत असेल तर उपकारस्तुती म्हणून चर्चला एखादी वस्तू द्यायची आणि तिच्यावर नाव घालायचं. भिंतीवरचं घड्याळ, सतरंज्या, पाण्याचा माठ, सगळ्यांवर कुणाचं ना कुणाचं नाव आहे. जॉन्सननी शनिवारीच शिरूरला जाऊन छताचा पंखा आणला आणि पेंटरकडून त्याच्या तिन्ही पात्यांवर अक्षरं काढून घेतली.

त्यांची बायको फेथ म्हणाली होती, "सोमवार तर येऊ द्या. यादी लागली की बसवू पंखा."

"विश्वास न्हाई का तुझा?"

"माझं नावच ते हाय. मला नका शिकवू."

रविवारी जॉन्सन उठले आणि देवानं मला कायम केलं असं म्हणाले. मंडळीनं कडवं गायलं. दुपारी पंखा बसला. पहिल्या पात्यावर 'देवाच्या उपकारस्तुतीसाठी', दुसऱ्यावर 'जॉन्सन व फेथ रणपिसे', तिसऱ्यावर 'नोकरीत कायम झाल्याबद्दल'.

सोमवारी यादी लागली. तिच्यातले रणपिसे बॉयलरवरचे होते.

त्याच दिवशी सांगून टाकलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण पुढच्या रविवारी चर्चच्या दारात लोकांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि जॉन्सनच्या तोंडून "देवाची कृपा" एवढंच निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी सांगणं आणखी अवघड झालं. हंगाम संपल्यावर ते सणसवाडीच्या एका गोदामात खोकी भरायला जाऊ लागले. गावात सांगितलं की कारखान्यातच मेंटेनन्सची ड्यूटी आहे. गोदामाच्या कंपनीची बस न्हावऱ्याच्या स्टँडवर थांबते, पण जॉन्सन दोन किलोमीटर पुढच्या फाट्यावर चालत जाऊन तिथून बसत.

पंखा फिरत असला की अक्षरं दिसत नाहीत. लाइट गेली की पाती थांबतात आणि सगळं वाचता येतं. म्हणून लाइट गेली की जॉन्सन खाली मान घालत. हळूहळू ते पुढच्या बाकावरून शेवटच्या बाकावर गेले. अकरा वर्षांत साक्षीसाठी पुन्हा उठले नाहीत. घरी जेवणाआधी प्रार्थना करत, आजाऱ्यांसाठी करत, पण स्वतःसाठी काही मागणं त्यांनी सोडून दिलं. फेथनं एकदा कारण विचारलं. ते म्हणाले, "त्याच्या नावानं खोटं बोलून बसलोय. आता कुठल्या तोंडानं मागू?" कारखान्यात त्यांना पुढं सरकता येत नव्हतं आणि चर्चमध्ये मागं फिरता येत नव्हतं.

यंदा फेब्रुवारीत त्यांच्या मुलीला स्थळ आलं. जेसिका चोवीस वर्षांची आहे, शिरूरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. मुलगा दौंडचा, नाव जेम्स. त्याचे वडील बन्यामीन साळवे रेल्वेतून रिटायर झालेले. स्थळ जमवलं ते चर्चच्या पाळकसाहेबांनी. ते दोनच वर्षांपूर्वी बदलून आले होते. पंख्यावर लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं आणि खरं मानलं होतं. दौंडला त्यांनी सांगितलं, वडील कारखान्यात कायम आहेत.

हे कळलं तेव्हा जेसिका म्हणाली, "पप्पा, मी सांगू का त्यांना?"

"नको. मोडलं तर माझ्यामुळं मोडलं असं व्हईल."

"आन् न सांगता झालं तर? पुढं कळल्यावर मी त्या घरात कुठल्या तोंडानं राहू?"

फेथनं जॉन्सनपुढं ताट सरकवलं आणि ती म्हणाली, "पाहुणे रविवारी येणार हायेत. तुमच्याकडं चार दिवस हायेत."

ते चार दिवस जॉन्सननी पॅनवर काढले. दोनदा फोन हातात घेतला, दोनदा ठेवून दिला.

मार्चचा पहिला रविवार. पाहुणे आधी उपासनेला आणि मग घरी जेवायला, असं ठरलं होतं. बन्यामीन साळवे बायको-मुलासह पहिल्या बाकावर बसले. दुसरं गीत चालू असताना लाइट गेली. पंखा मंदावला, दोन-तीन फेरे घेऊन थांबला. गीत संपल्यावर साळव्यांनी चष्मा चढवला आणि मान वर केली. आयुष्य प्लॅटफॉर्मवर गेलेलं, त्यांचा हळू आवाजही शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.

"नोकरीत... कायम... झाल्याबद्दल. वा! बघ गं, पाळकसाहेब म्हणाले होते तसंच हाय."

पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?"

शेवटच्या बाकावरून जॉन्सन उठले. पुढं आले नाहीत, तिथूनच बोलले.

"वर जे लिहिलंय ते खरं न्हाई. यादीत माझं नाव नव्हतं. तवाबी नव्हतं, आजबी न्हाई. मी हंगामी मदतनीस हाय. हंगाम सरला की सणसवाडीला खोकी भरतो. अकरा वर्षं तुमच्यापासून दडवलं. साळवेमामा, तुम्हाला चुकीचं कळलंय. त्यात पाळकसाहेबांचा दोष न्हाई, माझा हाय." मग म्हणाले, "देवानं माझं काम अजून केलेलं न्हाई. तवा ही काय साक्ष न्हाई. सांगायचं होतं, सांगितलं."

ते खाली बसले. कडवं म्हणायचं की नाही, हे पाळकसाहेबांना कळेना. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कृपाबाई बोलल्या. त्या ऐंशीच्या पुढं आहेत. पूर्वी मिशनच्या शाळेत शिकवायच्या, अर्ध्या मंडळीला त्यांनीच पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलंय.

"बस? एवढंच? मला वाटलं काय तरी नवीन सांगतोय."

हसू फुटलं. जॉन्सननी वर पाहिलं.

"फाट्यावर जाऊन बसमधी चढलास म्हंजी आम्हाला दिसत न्हाई व्हय रे? त्या फाट्यावर माझ्या जावंचं घर हाय. ती रोज सकाळी बघती. पावसात तर छत्रीबी न घेता उभा असायचास."

"मग बोलला का न्हाई मावशी?"

"तुझी गोष्ट, तू सांगायची. आम्ही वाट बघत व्हतो. लईच वेळ लावलास." कृपाबाई आता काठी टेकून उभ्या राहिल्या. "आन् साक्ष न्हाई म्हंतोस, ती कशी न्हाई? तळ्याकाठचा अडतीस वर्षं आजारी माणूस हाय का ध्यानात? पाणी हललं की जो पहिला उतरंल तो बरा व्हायचा. येशूनं त्याला बरं व्हायचंय का म्हणून विचारलं. त्यानं काय सांगितलं? मला कुणी पाण्यात सोडत न्हाई, मी निघतो तवर दुसराच शिरतो. रडगाणंच सांगितलं की. आधी बरा हो आन् मग माझ्याशी बोल, असं येशू म्हणाला का त्याला? न्हाई ना? पडल्या पडल्या जे बोलला तेच ऐकून घेतलं. पाळकसाहेब, कडवं घ्या."

मंडळीनं कडवं गायलं. लाइट दुपारपर्यंत आलीच नाही.

घरी जेवणं झाली. साळव्यांनी मटणाचा रस्सा दोनदा मागून घेतला, स्वयंपाकाचं कौतुक केलं, लग्नाचा विषय काढला नाही. निघताना गाडीपाशी जॉन्सनना बाजूला घेऊन म्हणाले, "आज आम्ही आलो नसतो, तर?"

"तर आजबी सांगितलं नसतं," जॉन्सन म्हणाले.

साळव्यांनी मान हलवली आणि गाडीत बसले.

आठ दिवस दौंडहून फोन आला नाही. जेसिका ड्यूटीवर जात राहिली. सोमवारी जॉन्सननी चर्चमध्ये शिडी लावली आणि पंख्याचं तिसरं पातं टर्पेंटाइननं पुसून काढलं. मंगळवारी पहाटे फेथला त्यांच्या प्रार्थनेचा आवाज ऐकू आला. ते स्वतःसाठी मागत होते. स्थळ टिकावं म्हणून मागत होते, यादीत नाव यावं म्हणूनही मागत होते. ती उठली नाही, पडून ऐकत राहिली.

नवव्या दिवशी फोन वाजला. साळवे जुजबी चौकशीत वेळ न घालवता म्हणाले, "मे महिन्यात ठिवू म्हंतो लग्न. सणसवाडीला रजा मिळंल का तुम्हाला?"

"मिळंल," जॉन्सन म्हणाले. फोन ठेवून त्यांनी जेसिकाला हाक मारली.

गाळप संपलं. यादी लागली नाही. पुढच्या हंगामात लागेल असं कोणी म्हणालेलंही नाही. रोहिदास आप्पा रिटायर होतील तेव्हा त्यांच्या जागी कोणाला घेतील, हे माहीत नाही. जॉन्सन सध्या सणसवाडीला जातात. बस गावातल्या स्टँडवरून धरतात.

चर्चमध्ये मात्र एक गोष्ट वेगळी घडू लागली आहे. त्या रविवारनंतर दोन आठवड्यांनी सुलक्षणा नावाची मुलगी साक्षीसाठी उभी राहिली. पोलीस भरतीत ती तिसऱ्यांदा नापास झाली होती. "माझंबी अजून झालेलं न्हाई," ती म्हणाली, "पण मी रोज पळते, आन् रोज देवाला सांगते." एवढं बोलून बसली. मंडळीनं तिच्यासाठी कडवं गायलं. आता बहुतेक रविवारी एखादी तरी अशी साक्ष असते. कोणाचं मूल होत नाही, कोणाचा भाऊ दहा वर्षं बोलत नाही. पूर्वी ही माणसं काम झाल्यावर उठायचं म्हणून बसून राहत.

जॉन्सनना कोणी विचारलं की ते उपदेश करत नाहीत. एवढंच म्हणतात, "अडकलो तर अडकलो. पण अडकलोय असं देवाला सांगायचं मी अकरा वर्षं बंद केलं, ते करायला नको होतं. बाकीचं सोसलं असतं."

पण एक गोष्ट त्यांच्या मनातून जात नाही. पाळकसाहेबांना विचारून झालं. ते म्हणाले, मला विचार करू द्या. अजून ते विचारच करताहेत. कृपाबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मी लवकरच वर जाणार हाय, तिथं विचारून ठिवते.

प्रश्न असा आहे. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी जॉन्सन खोटं बोलायला उठले नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या मनापासून त्यांनी देवाचे उपकार त्याआधी कधी मानले नव्हते आणि नंतरही नाहीत. जे झालंच नव्हतं, त्याच्यासाठी मानलेले ते उपकार देवानं घेतले असतील का?