काट्यावरची काच

राजूरजवळच्या एका कोळसा डेपोत मी वजनकाट्यावर बसते. ट्रक काट्यावर चढला की वजन कॉम्प्युटरवर येतं, मी गाडीचा नंबर, माल, पार्टी भरते आणि गेटपास निघतो. आधी हे सगळं डेपोतल्याच कॉम्प्युटरवर व्हायचं. मग मालकांनी नवीन सॉफ्टवेअर आणलं, ज्याचा सर्व्हर पुण्याला होता. आमच्याकडे नेट म्हणजे खिडकीच्या गजाला बांधलेला डोंगल. एक रकाना भरला की तो पुण्याला जाऊन परत येईपर्यंत पुढचा उघडत नसे. स्क्रीनवर नुसती चकरी फिरत राहायची. घाईत बटण दोनदा दाबलं तर दोन पास व्हायचे आणि एक रद्द करण्यात अर्धी दुपार जायची. म्हणून मी हात मांडीवर ठेवून वाट पाहायला शिकले.

बाहेर रांगेतल्यांना काचेतून एवढंच दिसे, की बाई नुसती बसली आहे.

शिव्या रोजच्या झाल्या. एकजण काचेवर थुंकून गेला. मे महिन्यात एका दुपारी ट्रकांची रांग पार सडकेपर्यंत गेली आणि नंबरावरून दोन ड्रायव्हर एकमेकांच्या अंगावर गेले. एकाने दुसऱ्याचं तोंड बोनेटवर आपटलं. तप्त पत्र्यावर रक्त लगेच काळं पडलं. ती सोडवासोडवी चालू असतानाच काट्यावर उभ्या ट्रकचा ड्रायव्हर टायर खोलायची लोखंडी टामी घेऊन खाली उतरला.

पहिल्या फटक्यात काच फुटली. तुकडे माझ्या केसांत, मांडीवर पडले. दुसरा फटका कॉम्प्युटरवर बसला असता, पण गाड्या काट्यावर नीट उभ्या करणारे आमचे काका मधे आले. त्यांनी हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

मग चौकीदारांनी त्या ड्रायव्हरला खाली पाडलं. काठ्या, बूट, कुणाचा तरी पट्टा. तो हलायचा थांबला तरी ते थांबेनात. मी दार उघडून ओरडत गेले, एकाची काठी धरली, तेव्हा कुठे तो सुटला.

ठाण्यात जबानी द्यायला गेले तर तो बाकावर बसला होता. एक डोळा पूर्ण मिटलेला. त्याने मला ओळखलं.

"मॅडम, तुमी बटन दाबलं होतं का नाही? खरं सांगजा."

"दाबलं होतं, भाऊ. तिकडून उत्तरच येऊन नव्हतं राह्यलं."

सकाळपासून गाडीत उपाशी होतो, असं तो हळूच म्हणाला. मला त्याची कीव आली आणि त्याच वेळी त्याच्या तोंडात मारावंसंही वाटलं. जबानीत मी जे पाहिलं ते सगळं सांगितलं, चौकीदारांचंही. मालकांना ते आवडलं नाही.

नंतर पुण्याहून सॉफ्टवेअरवाला आला. त्यांच्या ऑफिसात सर्व्हर शेजारच्याच खोलीत, त्यामुळे तिथे सगळं चटकन व्हायचं. इथली चकरी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. आता नोंद आधी आमच्याच कॉम्प्युटरवर होते, पास लगेच निघतो, माहिती मागाहून सावकाश जाते. रांग सडकेपर्यंत जात नाही.

काकांचा हात कोपरात सरळ होत नाही. ते परत आले नाहीत. काचेला आता बाहेरून जाळी आहे, तरी ट्रकचं दार जोरात आपटलं की माझा हात आपोआप डोक्यावर जातो.