गोगलगायीचा रविवार

मला राग लवकर येतो, हे सगळा डेपो जाणतो. पण त्या रविवारी आलेला राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

मी डेपोत ट्रकांची वायरिंग बघते. दिवे, हॉर्न, बॅटऱ्या, सगळं माझ्याच गळ्यात. ड्रायव्हर मला ताई म्हणतात, माझ्या बापाच्या वयाचेसुद्धा. त्यातलाच एक गोगलगाय. हे नाव बाकीच्यांनी ठेवलं. गाडी हळू चालवतो म्हणून नव्हे, घर पाठीवर घेऊन फिरतो म्हणून. बायकोशी काडीमोड झाला, भाड्याची खोली सुटली, तेव्हापासून तो ट्रकच्या केबिनमध्येच राहायचा. सीटमागच्या फळीवर अंथरूण, आरशाला टॉवेल, दाढीचं सामान कप्प्यात. पडदा कायम धुतलेला. माझ्या घरातले पडदे इतके स्वच्छ नसतात, खोटं कशाला बोलू.

आणि उशाशी लॅपटॉप. साधासुधा नाही, गेम खेळायचा. जाडजूड, खालून गरम वाफा सोडणारा, चार्जर विटेएवढा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, "अरे, पन्नाशीला टेकलास आणि आता हे खेळ सुचतात होय?"

"माझ्यासाठी नाही हो ताई," तो म्हणाला. "पोरीसाठी."

पोरगी आईकडे, दुसऱ्या शहरात. फोनवर बापाशी बोलायची ते मोजून मापून. जेवलीस का, हो. अभ्यास, केला. ठेवू का, ठेव. पण तिच्या आवडीचा एक गेम होता, त्यात दोघांनी मिळून जहाज हाकायचं. वादळ आलं की एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने शिडं ओढायची. त्या गडबडीत पोर सगळं बोलून जायची. मैत्रिणीने कसा दगा दिला, बाईंनी वर्गाबाहेर का काढलं, आईशी काय वाजलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात एकमेकांचे चेहरे दिसायचे. रविवारी संध्याकाळचा एक तास. मध्ये काही रविवार याची वीजच गेली, तर पोरगी रुसून यायचीच बंद झाली. तिला परत आणताना याच्या नाकी नऊ आले. म्हणजे हा तास हुकला तर पोरगी हातची जाणार, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

आता वीज आणायची कुठून? मोबाईल चार्ज करायच्या भोकात त्या लॅपटॉपचा चार्जर लावला की फ्यूज उडालाच. म्हणून मी रीतसर सांगितलं होतं, चोवीस व्होल्टचा इन्व्हर्टर बसवू, वर बॅटरी फार उतरायच्या आत आपोआप बंद करणारं बटण टाकू, गाडीला काही होणार नाही. सामान तोच आणणार होता. फक्त गाडीत काहीही बसवायचं तर साहेबाची परवानगी लागते. साहेबाने माझ्या अर्जाच्या कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "गाडी माल न्यायला आहे, संसार थाटायला नाही."

महिनोन्‌महिने माणसाला रस्त्यावर ठेवायचं, मधल्या मुक्कामी अंग टेकायला खाटही द्यायची नाही, आणि वर हे ऐकवायचं.

मग या शहाण्याने काय करावं? जे सगळे करतात तेच. ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या असतात, बारा आणि बारा मिळून चोवीस. बाजारात पटकन मिळतो तो कारचा इन्व्हर्टर, बाराचा. म्हणून हे लोक दोनपैकी एकाच बॅटरीला गुपचूप वायर लावतात. एकीतून वीज जाते, भरताना मात्र दोघींना सारखंच ताट वाढलं जातं. एकीला उपास, दुसरीला अजीर्ण. शेवटी दोघीही आडव्या. मी हे कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या रविवारी दुपार उतरता उतरता त्याची भरलेली गाडी नेमकी डेपोच्या फाटकात बंद पडली. स्टार्टर नुसता टकटक करायला लागला. मागे गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न. मी झाकण उघडलं तर एका बॅटरीवर लाल वायर, सरळ सीटखाली गेलेली. त्याच्याकडे बघितलं तर तो बुटाच्या नाड्या बघतोय.

"गाढवा," मी म्हटलं, "मेल्यावर अक्कल येणार आहे का तुला?"

तेवढ्यात साहेब वरच्या ऑफिसातून उतरून आला. त्याने वायरीचा माग काढला, पडदा सरकवला, लॅपटॉप उचलला आणि सगळ्यांदेखत हसला. "बघा रे, आमचे ड्रायव्हर व्हिडिओ गेम खेळतात." दोघं-चौघं हसलेही, लाज नाही मेल्यांना. गोगलगाय एवढंच म्हणाला, "साहेब, काय शिक्षा द्यायची ती द्या, पण आज तो राहू द्या. पोरगी वाट बघत असेल." साहेब लॅपटॉप काखेत मारून वर गेला. जाताना मला म्हणाला, "ती वायर उपटा आणि गाडी काढा."

माझं डोकं फिरलं. पक्कड खिशात टाकली, विटेएवढा चार्जर घेतला, गोगलगायीचं मनगट धरलं आणि जिना चढले.

ऑफिसात थंडगार. पाणी तापवायचं भांडं, छोटा फ्रिज, टेबलाखाली पाय चेपायचं मशीन. भिंतीला माशांची काचेची पेटी, तिला दिवा, तिला हवा सोडणारा पंप. माशांना चोवीस तास वीज, बघा. मी वाकून पाय चेपायच्या मशीनचा प्लग काढला आणि तिथे चार्जर खोचला.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाला.

"गाडी मीच चालू करणार," मी म्हटलं, "पण तासाभराने. तोवर हा इथे बसेल. पटत नसेल तर रविवारी दुसरा वायरमन शोधा, आणि फाटकातला ट्रक ढकलायला दहा माणसं."

खालून हॉर्न वाजतच होते. साहेबाने दात ओठ खाल्ले, लॅपटॉप पुढे सरकवला आणि उठून बाजूच्या स्टुलावर बसला. गोगलगाय साहेबाच्या खुर्चीच्या कडेवर टेकला, पूर्ण बसायला धजेना. मी दाबून बसवला.

जहाज आलं, समुद्र आला, कोपऱ्यात पोरीचा चेहरा आला. ती "बाबा" म्हणाली आणि पुढचं बोलायची थांबली. एरवी बापाच्या मागे केबिनचा तो पडदा दिसायचा. आज भिंत होती, खिडकी होती, ट्यूबलाइट होती.

"बाबा, तुला घर मिळालं?"

तिच्या आईने सांगितलं होतं, बापाला घर झालं की सुट्टीत जा राहायला. त्या बाईला तरी काय दोष द्यायचा, ट्रकच्या फळीवर पोरीला कोण पाठवेल.

त्याने तोंड उघडायच्या आत पोरगीच बोलत सुटली. "मासे पण आहेत? मी त्यांना खायला घालीन. बाबा, मला वेगळी खोली नको, तिथेच खाली झोपेन. शनिवारी सुट्टी लागते. येऊ?"

"नाही गं बाळा," तो म्हणाला. "हे साहेबांचं ऑफिस आहे. एका तासापुरतं."

"मग साहेबांना विचार ना," ती म्हणाली. "विचार ना बाबा."

त्याने विचारलं नाही. त्याने सुकाणू धरलं, कारण वादळ आलं होतं, आणि डोळे पुसायला दुसरा हात वापरला. साहेब उठून दाराकडे निघाला. मी दारातच उभी होते. सरकले नाही.

"साहेब," मी म्हटलं, "पोरीने तुम्हाला काहीतरी विचारलंय."