पाच नंबरची रायफल

मुंजामामा गेल्याचा मेसेज कॉलेजच्या ग्रुपवर आला तेव्हा मी कवायतीच्या खोलीत गणवेशाचे पट्टे मोजत होते. एकेचाळीसपर्यंत आले होते. मेसेज वाचला, मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि बेचाळीस म्हणाले. मग त्रेचाळीस. पट्टे साठ आहेत. साठपर्यंत मोजून, यादीवर सही करून मगच मी खुर्चीवर बसले. याला आता दीड महिना होईल, पण ते बेचाळीस अजून कानातून जात नाही...

मुंजाजी हे नाव परभणीबाहेर फारसं ऐकू येत नाही. आमच्याकडे गावागावात चार तरी सापडतात. आमचे मुंजामामा देवगाव फाट्याजवळच्या एका वस्तीवरचे, शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरातले. फौजेतली नोकरी संपवून आमच्या कॉलेजात शिपाई म्हणून लागले आणि छात्रसेनेच्या तुकडीची ही कवायतीची खोली त्यांच्या ताब्यात आली. तिथे तीस रायफली होत्या. कवायतीसाठी दिलेल्या, जुन्या, नळी निकामी केलेल्या. गोळी सुटत नाही, वजन मात्र पुरेपूर. रायफलीचा जो लाकडी दस्ता खांद्याला टेकतो, त्याच्या बुडाला पितळी पत्रा असतो आणि पत्र्यात अंगठ्याएवढं झाकण. झाकण उघडलं की आत बोटभर रुंद, वीतभर खोल पोकळी. फौजेत तिथे तेलाची बाटली आणि नळी पुसायची दोरी ठेवतात. आमच्या रायफलींना दोन्हींचं काम नव्हतं, त्यामुळे सगळ्या पोकळ्या रिकाम्या होत्या. एक सोडून.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते, पिंगळीहून रेल्वेने यायची. आम्हा मुलींना मिळणारे गणवेश मुलांच्या मापाचे असायचे. एका सकाळी रांग लागत असतानाच माझ्या पँटचा हूक तुटला. मी कंबर धरून खोलीत मागे राहिले. पुरुषमाणसाला सांगायचं तरी काय? मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दारातून बाहेरच्या कडुनिंबाकडे बघत म्हणाले, "पोरी, पाच लंबरची रायफल घे. घ्यायच्या आधी तिच्या बुडात बघ."

"बुडात?"

"झाकण हाय की. लय इचारू नको, उशीर व्हायलाय."

आत तीन सेफ्टी पिना होत्या. काडीपेटीच्या काडीला गुंडाळलेला खाकी दोरा, त्यात खोचलेली सुई, आणि कागदाच्या पुडीत पोटदुखीच्या दोन गोळ्या. मी पिन लावून बाहेर पडेपर्यंत मामा कडुनिंबच बघत होते. पुढे कळलं की सगळ्या मुलींना हे ठाऊक होतं. लागेल ते घ्यायचं, जमेल तेव्हा आणून भरायचं आणि बोलायचं नाही. एकदा धीर करून मी विचारलं, "मामा, रायफलीत कशाला? कपाटात ठेवा ना." ते म्हणाले, "कपाटाला कुलूप हाय, कुलपाची किल्ली माझ्यापाशी हाय. म्हंजे तुमाला मला मागावं लागंल. रायफल तर तुमच्याच हातात असती." आणि मग, विषय संपवावा तसं, माझ्यापुढे रजिस्टर सरकवलं. "तुझं अक्षर सरळ हाय. सामानाची यादी आजपासून तू लिही." माझ्या आयुष्यातली ती पहिली यादी.

काही वर्षांनी मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले आणि मुलींच्या तुकडीची जबाबदारी माझ्याकडे आली. मामांना केवढा आनंद! येईल त्याला सांगायचे, "आमची पोरगी साहेब झाली बरं का. आता माझीच हजेरी घेती." त्या वर्षीच्या पहिल्या तपासणीसाठी मी आठवडाभर राबले. प्रत्येक वस्तूला क्रमांक, प्रत्येक क्रमांकापुढे शेरा. बाहेरून आलेले अधिकारी यादीवर खूश होते. सहज म्हणून त्यांनी एक रायफल उचलली, उलटी केली, झाकण उघडलं. टेबलावरच्या हिरव्या कापडावर पिना, सुई आणि गोळ्यांची पुडी पडली. "ये क्या है, मॅडम?"

इथे मला थांबून नीट लिहायला हवं. मला माहीत होतं. त्या खोलीत त्या पिनांबद्दल माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तसलीच एक कधीकाळी माझ्या कमरेला होती. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "कल्पना नाही, सर." एवढ्यावर थांबले असते तरी... पण मी मामांकडे वळून, मोठ्या आवाजात विचारलं, "मामा, काय आहे हे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, क्षणभर. मग टाचा जुळवून म्हणाले, "माझं हाय, साहेब. बटनं तुटत्यात माझी. ठिवायला जागा नव्हती."

"और ये गोलियाँ?"

"पोट दुखतं अधूनमधून."

"रायफल है या पर्स?" अधिकारी हसले. सगळे हसले. मीही हसले. मग त्याच सरळ अक्षरात पाच क्रमांकापुढे शेरा लिहिला : अनधिकृत वस्तू आढळल्या. पंधरा दिवसांत मामांची बदली सायकल स्टँडवर झाली. खोलीची किल्ली देताना ते एवढंच म्हणाले, "कडुनिंबाच्या बाजूची खिडकी नीट लागत न्हाई, मॅडम. पावसाळ्यात रायफली सरकवून ठिवा." मॅडम. त्या दिवसानंतर पोरी म्हणून त्यांनी मला कधीच हाक मारली नाही.

मी माझ्या परीने भरपाई केली, म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं. मुलींसाठी पांढरी पेटी आणली. पिना, गोळ्या, कापूस, सगळं मोजून. पेटीला कुलूप, किल्ली माझ्याकडे, शेजारी वही : नाव, वस्तू, सही. वर्षभरात तीन सह्या झाल्या. मुलींना गरज नाही, असा मी त्यातून अर्थ काढला.

मामा रोज स्टँडवर उभे राहून मला सलाम करत. मी माझ्या डायरीत लिहिलं, 'मामांशी बोलणे'. मी रोज कामांची यादी करते. राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी वर लिहिते. ते काम अकरा डायऱ्यांमध्ये वर लिहिलं गेलं. त्यांच्या निरोपसमारंभात मी भाषण केलं, शिस्त या विषयावर. गेल्या हिवाळ्यात देवगाव फाट्यावर बसची वाट पाहताना ते भेटले. खांद्यावर घोंगडी, फार वाळलेले. "पोरी बऱ्या हायत का?" त्यांनी विचारलं. मग जरा थांबून, "पाच लंबर हाय का अजून?"

"आहे मामा," मी म्हणाले. त्या तपासणीचं बोलायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात बस आली, आणि मला हायसं वाटलं. हो, हायसंच. "येते मामा." "या, मॅडम."

मेसेज आला त्या दिवशी, पट्टे मोजून झाल्यावर, मी पाच नंबरची रायफल रॅकवरून काढली. त्या तपासणीनंतर तिचं झाकण मी कधी उघडलं नव्हतं. दर वर्षी वरूनच बघून 'ठीक' लिहीत आले होते. नखाने झाकण उचलून आतलं तळहातावर काढलं. आत चार पिना होत्या, केसांचं रबर, आणि कात्रीने अर्धी कापलेली गोळ्यांची नवी कोरी पट्टी. काडीपेटीच्या काडीला गुंडाळलेला खाकी दोराही होता. म्हणजे इतकी वर्षं मुली एकमेकींना सांगत ती पोकळी भरत आल्या होत्या. मॅडमपासून लपवायचं, हेही सांगत आल्या असणार.

दारात पावलं वाजली. पहिल्या वर्षाची एक मुलगी, एका हाताने कंबर धरलेली. तिने माझ्या तळहातावरच्या पिना पाहिल्या आणि तिचा चेहरा उतरला. टाचा जुळवून म्हणाली, "माझं हाय, मॅडम. मीच ठिवलं."

सगळं होतं तसं आत ठेवलं, झाकण लावलं, रायफल तिच्या हातात दिली. आणि दाराकडे तोंड करून कडुनिंबाकडे बघत राहिले. मागे झाकणाचा बारीक आवाज झाला. तिने काय घेतलं, मी पाहिलं नाही.