छऱ्यांपायी गेलेले रविवार

बायकोसाठी सायकल बांधायची ठरवली तेव्हा मी हिशेब केला तो मोठ्या वस्तूंचा. लेडीज सायकलीची जुनी फ्रेम कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने देऊ केली होती. वर दोन चाके, टायर, सीट, हँडल, साखळी. नव्या सायकलीच्या निम्म्यात काम होत होते. रंगीत, गिअरच्या सायकली तेव्हा नुकत्याच दुकानांच्या काचेआड दिसू लागल्या होत्या. त्यांच्याकडे मी जरा तुच्छतेनेच पाहायचो.

नव्वदीची पहिली वर्षे होती. मी नंदेसरीच्या कारखान्यात पाळीत काम करायचो आणि बडोद्याच्या वाडी भागात एका माडीवर भाड्याने राहायचो. बायकोला पादरा या तालुक्याच्या गावापुढच्या एका खेड्यात शाळेवर हंगामी नोकरी मिळाली होती. बडोद्याहून दोन बस बदलून शाळेची वेळ गाठणे जमेना, म्हणून ती पादऱ्याला आपल्या विधवा आत्याकडे राहू लागली. तिथूनही शाळा तासाभराच्या चालीवर. दर रविवारी मी पादऱ्याला जायचे, एवढाच आमचा संसार उरला होता.

सायकलीचे ऐकून ती खूश झाली. म्हणाली, "पण मला येते कुठे चालवायला? शिकवायचीही तुम्हीच. आत्याच्या घरामागे मोकळी जागा आहे. पडले तर तुमच्यादेखत पडेन."

फ्रेम माडीवर आणून उलटी ठेवली आणि एकेक उमगू लागले. चाक फिरायचे तर छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या बारीक गोळ्या हव्यात. छर्रे जागेवर राहायचे तर त्यांना दाबून धरणारा कोन हवा, कोनावर वॉशर, वॉशरवर नट. मुठीत मावतील अशा वस्तू, पण एक नसली की बाकीचे सगळे लोखंड नुसते पडून. पाळी सुटून परत येईपर्यंत सुट्या भागांचे दुकान बंद झालेले असे. मग राहिला रविवार. सकाळी दुकान उघडायची वाट पाहायची, वस्तू आणायची, ती बसते न बसते तोच पुढची कमी पडायची.

"मोटुं तो सौ गणे, भाई," दुकानदार पुडी बांधताना म्हणायचा. "झीणुं कोई ना गणे." मोठे सगळेच मोजतात, बारीक कुणी मोजत नाही. मी हसायचो.

शनिवारी संध्याकाळी ती पीसीओवरून खालच्या घरमालकांकडे फोन करायची.

"उद्या येताय ना?"

"अगं, सायकल अडली आहे."

"लोकांचे नवरे दारूपायी घरी येत नाहीत. माझा छऱ्यांपायी येत नाही. आत्याला काय सांगू?"

"छर्रे झाले. आता कॉटर राहिलाय."

"अरे वा. म्हणजे प्रगती आहे."

कॉटर म्हणजे पॅडलचा दांडा आसाला घट्ट धरणारी, बोटाएवढी पिन. दोन लागतात. काटकसर म्हणून मी एकच नवी आणली आणि दुसरीकडे जुनीच ठोकली. दोन्ही पॅडल एका रेषेत येईनात, एक तळाशी गेले तरी दुसरे वर पोचायचे नाही. जुनी काढता काढता ती आतच वाकली. तो रविवार हातोडीत गेला. संध्याकाळी खिचडी टाकली आणि त्या पसाऱ्यातच बसून खाल्ली. शेजारच्या माडीवर सगळे मिळून टीव्ही बघत होते. त्यांचे हसणे भिंतीतून ऐकू येत होते.

पुढच्या शनिवारच्या फोनवर तिने थट्टा केली नाही.

"शाळा मला कायम करतेय. सोमवारी उत्तर द्यायचंय. हो म्हटलं तर बरीच वर्षं इथेच राहावं लागेल. नाही म्हटलं तर मी बडोद्याला परत येते. तुम्ही उद्या या. इथे मागे माणसं उभी आहेत, फोनवर बोलता येत नाही."

गुरुवारी अर्धी रजा टाकून दुकान गाठले होते, दोन्ही कॉटर तेव्हाच बसले होते. सायकल पुरी होऊन जिन्यापाशी उभी होती.

"कॉटर अजून मिळाला नाही," मी म्हणालो.

"सायकल राहू दे. तुम्ही या."

"बघतो."

मी गेलो नाही. ती परत यावी असे मला फार वाटत होते. पण माझ्यामुळे तिची नोकरी गेली हे आयुष्यभर ऐकायची तयारी नव्हती. ये म्हणायचे धैर्य नव्हते आणि राहा म्हणायची दानत नव्हती. एका पिनीमागे लपता आले, लपलो. त्या दिवशी मी दिवसभर माडीवर बसून होतो. पुसलेली सायकल पुन्हा पुसली.

त्यानंतरच्या रविवारी सायकल चालवत पादऱ्याला गेलो. ती दारातच होती.

"काय कळवलंस?" मी विचारले.

"हो म्हटलं. विचारायला कुणी नव्हतं."

मी सायकल घरामागे नेली आणि शिकवायला म्हणून सीट मागून धरली. तिने पदर खोचला.

"सोडा," ती म्हणाली. "येते मला. शाळेतल्या बाईंच्या सायकलवर शिकले. रविवारी मोकळीच असायचे."

ती मोठा वळसा घालून आली. चांगली चालवत होती. उतरताना ब्रेक दाबून पाहिला.

"पुढचा ब्रेक घासतोय जरा."

"पुढच्या रविवारी येताना पाना आणतो," मी म्हणालो.

"कशाला? बसस्टँडपाशी एक जण आहे, तो करून देईल." तिने सायकल भिंतीला टेकवली. मग पाहुण्याला विचारावे तसे विचारले, "जेवून जाल ना?"