उरलेली पाळी

आमची विहीर सामाईक. एक दिवस पाळी माझी, एक दिवस थोरल्या भावाची. ऊस बुडाला तरी चालेल, पण पाळीचं पाणी सोडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्या जादा पाण्यानं रानाला मीठ फुटलं आणि ते चरातून खालच्या नदीत उतरलं.

दोन वर्षांमागं मी जिद्दीनं ठिबक बसवलं. दोन तासांत मोटार बंद करून घरी. भावाला सांगून सांगून घसा बसला. "ऊस काय पाळण्यातलं लेकरू हाय का, थेंब थेंब पाजायला?" म्हणायचा.

परवा माझी पाळी होती. सकाळीच मोटार बंद करून म्हैस नदीवर नेली. तिनं पाण्याला तोंड लावलं आणि फुरफुरत मागं सरली. मी चाखलं आणि थुंकलो. नदी पहिल्यापेक्षा खारट! मग मी दोन वर्षं कशासाठी मरमर केली? तसाच तणतणत भावाच्या रानात गेलो. ऊस घोटाभर पाण्यात उभा, चर भरून नदीकडं वाहत होता.

"दादा, आज पाळी माझी हाय. हे पाणी कुणाचं?"

"तुझंच की," तो शांतपणे म्हणाला. "तू बंद केलं की दर पाळीला मी चालू करतो. वाया घालवायचं व्हय?"